लालटेनमधला बैल

नेमसिंग राठोड यांनी चोपन्न वर्षांच्या आयुष्यात एकदाच बढाई मारली, आणि तीही नेमकी होणाऱ्या जावयासमोर.

प्रियंकाच्या साखरपुड्याचं जेवण आटोपून पुरुष मंडळी सतरंजीवर सुपारी कातरत बसली होती. जावई अंकुर आडे, मूळचा उमरखेडचा, नोकरीला पुण्यात. पोरगा गुणी, पण सासऱ्याशी बोलायला विषय म्हणून सापडेना. सोयाबीन झालं, पाऊसपाणी झालं, पुण्याची ट्रॅफिक झाली, मग सगळे आपापल्या सुपारीकडं बघत बसले. शेवटी अंकुर हळूच म्हणाला, की आपल्याला कम्प्युटरवरचे जुने गेम खेळायला आवडतात. आणि त्यानं एक नाव घेतलं, 'लँटर्न ऑफ वॅल्डूर'.

"लालटेन!" नेमसिंगभाऊ सतरंजीवरून अर्धे उठलेच. "तो तं मी हात न लावता संपवलता!"

हे अक्षर न् अक्षर खरं होतं, पंचाईत तीच होती. वीसेक वर्षांपूर्वी भाऊंच्या सरकारी ऑफिसात वरून आदेश आला, की प्रत्येक कर्मचाऱ्यानं कम्प्युटरची परीक्षा पास झालंच पाहिजे. नेमसिंगभाऊ दारव्ह्यातल्या जमीरच्या दुकानात कम्प्युटर शिकायला गेले आणि परीक्षेच्या आधी लालटेन शिकून आले. हातात कंदील घेतलेला एक वीर, त्याच्या मागं एक बैल, आणि गावोगावच्या राक्षसांशी लढत डोंगरापलीकडं जायचं, असा तो गेम. पण माउस कायम जमीरच्या हातात. भाऊ मागं स्टुलावर बसून, चहा फुंकत, पूर्ण विचारांती सांगायचे, "आता तलवार नको. पयले औषध पाज त्याले." दोन हिवाळे असे गेले. मशीनला भाऊंनी बोट लावलं नव्हतं.

जावयाला हा तपशील सांगायला जीभ उचलणार, तेवढ्यात शेजारी येऊन बसलेली प्रियंका अंकुरकडं वळून म्हणाली, "पाह्यलं? मी म्हनत नोती? माझे बा तसेच हायेत!" तिच्या डोळ्यांत असं काही चमकलं, की भाऊंनी तपशील सुपारीसोबत गिळून टाकला.

पंधरा दिवसांनी घरी खोकं आलं. लालटेन आता नव्यानं घडवून बाजारात आला होता. तो, त्याला चालवायचं मशीन, दोन रिमोटसारखी यंत्रं, आणि वर अंकुरच्या हातची चिठ्ठी: 'मामाजी, पोळ्याला आम्ही दोघं येतो. शेवटची खिंड माझ्याच्यानं पार होत नाही. तुमच्या हातची पाहायची आहे.'

"तुमच्या हातची," भाऊंच्या बायकोनं, संगीतानं, चिठ्ठी मोठ्यानं वाचली. "सांगून टाका ना खरं. हात जमीरभाऊचे होते म्हना."

"कसं सांगू? पोरीनं तिच्या अख्ख्या ऑफिसात सांगून ठेवलं, माझ्या बाले सगळं येते म्हनून. तोंडघशी कोन पडन? ती."

पोळ्याला पाच आठवडे होते.

जमीरला बोलावणं गेलं. तो आता मोबाईल दुरुस्त करतो, दाढी पिकली आहे, पण लालटेन म्हणताच दुकानाचं शटर ओढून आला. आला आणि टीव्हीपुढं कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "भाऊ, तार मागून लावा लागते. अन् मागं तं हात जात नाई."

टीव्ही शोकेसमध्ये बसवलेला. शोकेस लग्नातलं, भरीव सागवानाचं, असं भाऊंच्या सासऱ्यांचं म्हणणं. जमीर म्हणाला, पाठीमागच्या फळीला मुठीएवढं भोक पाडतो, कोणाला दिसणारही नाही. करवतीचा पहिलाच हात मारला आणि आतून भुगा सांडायला लागला. भुसा नव्हे, माती. वाळवीनं आतून सगळं खाऊन बाहेरचं पॉलिश तेवढं शिष्टाचार म्हणून ठेवलं होतं. बाहेर नेऊन बघू म्हणून दोघांनी ते उचललं. बैठकीतून निघालं तेव्हा ते शोकेस होतं, अंगणात पोचलं तेव्हा फळ्या होत्या.

डिनर सेट पलंगावर गेला. पलंगावरची माणसं जमिनीवर आली. टीव्ही गव्हाच्या कोठीवर चढला, म्हणजे दळणाला गहू काढायचे झाले की दोन माणसांनी टीव्ही उतरवायचा. संगीतानं उंबऱ्यातून सगळ्यावर नजर फिरवली आणि म्हणाली, "एक वायर लावाची होती म्हने."

वायर लागली. मशीन सुरू झालं आणि त्यानं पहिलीच मागणी केली ती इंटरनेटची. गेमचा उरलेला भाग हवेतून यायचा होता. मोबाईलच्या नेटवर किती वेळ लागेल याचा जमीरनं बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, "पोळ्यालेच होईन. पुढच्या सालच्या."

म्हणून मग विद्युल्लता ब्रॉडबँडचा माणूस आला. त्यानं मान वर करून आकाशाचा अंदाज घेतला आणि सांगितलं, की तार शेजारच्या गच्चीवरून आणावी लागेल, शेजाऱ्यांची लेखी हरकत-नाही आणा.

शेजारी किसनराव गुल्हाने. पाटबंधारे खात्यातून चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. पण खात्यानं त्यांना सोडलं, त्यांनी खात्याला सोडलं नव्हतं. अजूनही भाजी आणायला निघाले तरी खिशाला पेन आणि बगलेत वही. दोन्ही घरांची भिंत एक, रोज संध्याकाळचा चहा एकमेकांकडं, पण भाऊंनी तारेचा विषय काढताच त्यांचा चेहरा टेबलामागं गेल्यासारखा झाला.

"अर्ज करा," ते म्हणाले.

"किसनराव, आपन भिंतीले भिंत लावून राह्यतो."

"म्हणूनच म्हणतो. उद्या कोणी बोट दाखवायला नको, की शेजारी म्हणून सवलत दिली."

भाऊंनी अर्ज केला. किसनरावांनी तारीख टाकून तो पेपरवेटखाली ठेवला आणि सात दिवसांत कळवतो म्हणाले. चौथ्या दिवशी स्थळपाहणी झाली. म्हणजे किसनराव स्वतःच्याच जिन्यानं स्वतःच्याच गच्चीवर गेले, फक्त डोक्यावर टोपी आणि हातात टेप घेऊन. खाली अंगणात अर्जदार मान वर करून उभे.

"तारेतून काय वाहणार?"

"गेम."

"किती क्युसेक?"

अर्जदारांनी बोटांनी तारेची जाडी दाखवली. किसनरावांनी 'आकडा उपलब्ध नाही' असं लिहिलं. मग प्रयोजनाच्या रकान्यात आधी 'मनोरंजन' लिहिलं, पेन दाताखाली धरून विचार केला, ते खोडलं आणि 'कन्येचा विवाह' असं लिहिलं. माणूस मनानं वाईट नाही. हरकत-नाही मिळालं, सात अटींसह. सातवी अट अशी, की अर्जदारानं कामाची प्रगती प्रत्यक्ष दाखवावी. त्या दिवसापासून किसनराव रोज साडेसहाला स्वतःची खुर्ची घेऊन हजर.

आणि प्रगती काय, तर एक लांडगा.

गाव सोडलं की पहिल्याच वळणावर तो उभा असे. जुन्या लालटेनमधला लांडगा सभ्य होता. आधी तुम्ही मारायचं, मग तो मारणार, मग तुमची पाळी. तुम्ही विचार करत बसलात तर तोही पंजा उचलून विचार करत उभा. एकदा ऐन लढाईत भाऊंना यवतमाळला बैठकीला जावं लागलं, तिसऱ्या दिवशी परत येऊन बघतात तर राक्षस तलवार उगारून तसाच ताटकळत होता. भाऊंच्या ऑफिसातही कागद असाच चालतो. या टेबलाचं झालं की त्या टेबलाचं, मध्ये कोणी घुसत नाही. अठ्ठावीस वर्षं ते याच शिस्तीत वाढले होते. त्यामुळं जगाची रीतच ही आहे असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

नव्या लालटेनमध्ये पाळी हा प्रकारच काढून टाकला होता. भाऊ चष्मा सारखा करून कोणतं बटण दाबावं याचा विचार करायला लागायचे आणि लांडगा तोवर वीराच्या छातीवर.

"थांब ना बे! माझं झालं नाई अजून!" भाऊ ओरडायचे.

"त्याला ऐकू येत नाही," किसनराव वहीतून मान वर न करता सांगायचे. "मृत्यू क्रमांक तेवीस."

शनिवारपर्यंत क्रमांक एकेचाळीसवर गेला. लांडगा तोच.

दुसरा बदल त्याहून जिव्हारी लागला. जुन्या गेममध्ये वीराच्या थैलीला बूड नव्हतं. सापडेल ते टाका. नव्यात प्रत्येक वस्तूला वजन आलं होतं. भाऊंचा स्वभाव असा, की रस्त्यात पडलेला नटबोल्टसुद्धा खिशात घालतील, कामी येते म्हणून. त्यांनी पहिल्याच गावातून तांब्याचे हंडे, दोरखंड, गाडीचं एक चाक आणि सहा बिजागऱ्या उचलल्या, आणि वीर गुडघ्यावर बसून धापा टाकायला लागला.

"फेका ना भाऊ," जमीर म्हणाला.

"फेकाले काय झालं? नवे हंडे हायेत."

जमीरनं मोबाईलवर एका तज्ज्ञाचा व्हिडिओ लावला. तज्ज्ञ म्हणजे मिसरूड फुटलेला एक मुलगा. तो सांगत होता, की गेम सुरू झाल्याबरोबर पहिलं काम काय करायचं, तर व्यापाऱ्याला बैल विकून टाकायचा आणि घोडा घ्यायचा. बैल हळू चालतो, बैल बिनकामाचा.

भाऊंनी मोबाईल उलटा करून ठेवला. "बैल इकाचा? काहून? त्यानं काय केलं?"

बैलाच्या पाठीवर दोन बाजूंना दोन गोण्या होत्या, हाही नवा बदल. भाऊंनी सगळे हंडे एकाच गोणीत भरले. बैल तिरपा झाला आणि गावाच्या विहिरीभोवती गोल गोल फिरायला लागला. किसनरावांनी तांत्रिक दोष म्हणून नोंद घेतली. भाऊ मात्र टक लावून बघत राहिले. त्यांचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरलेले, लदेणीवाले. भाऊंनी ते पाहिलं नव्हतं, पण बाप तांड्यावर बाजेवर पडून सांगायचा: दोन्ही गोन्या हातानं उचलून पाह्याच्या, एक जड लागली का उतरवाची न् परत भराची, दहा खेपा भरा लागल्या तरी भराची, बैल बोलत नाई म्हनून त्याच्या पाठीवर आपला आळस लादाचा नाई.

भाऊंनी सगळं उतरवलं. हंड्यासमोर हंडा, बिजागरीसमोर बिजागरी. चाकाच्या तोडीचं काही मिळेना, तर दोरखंडाची तीन वेटोळी. दोन तास गेले. शेवटी बैल सरळ उभा राहिला, शेपटी हलवली आणि असा झपझप निघाला, की वीराला मागं पळावं लागलं.

"हां," भाऊ म्हणाले. त्या महिन्यातला त्यांचा तेवढाच विजय.

कारण सोमवारी त्यांचा उजवा अंगठा सुजला. लांडग्यावर एकेचाळीस वेळा दाबलेला अंगठा तो. त्याला हळद लावून भाऊ ऑफिसला गेले, तर हजेरीच्या मशीनवर अंगठा उमटेना. मशीननं तीन दिवस त्यांना ओळख दिली नाही. चौथ्या दिवशी टेबलावर कागद: आपण तीन दिवस अनधिकृत गैरहजर का होतात, खुलासा करावा. हा कागद भाऊंच्या हातात त्यांच्याच टेबलावर बसलेले असताना देण्यात आला, आणि पोच म्हणून त्यांचीच सही घेण्यात आली.

खुलाशात कारण काय लिहावं? लांडगा लिहिणं शक्य नव्हतं. खोटं लिहिणं स्वभावात नव्हतं. विचार करकरून त्यांनी लिहिलं, 'बैल हाकताना अंगठ्यास इजा.' साहेब शेतकऱ्याच्या घरचे. त्यांनी खुलासा तर मान्य केलाच, वर येता-जाता विचारायला लागले, "बैल कसा हाय, नेमसिंगभाऊ? चारा-पानी घेते ना?" भाऊ खाली मान घालून हो म्हणायचे.

अंगठ्याला पट्टी, पोळ्याला पंधरा दिवस, आणि लांडगा जिवंत. त्या संध्याकाळी भाऊ अंगणात शोकेसच्या फळ्यांवर जाऊन बसले. आतून त्यांना लांडग्याचं केकाटणं ऐकू आलं. असं केकाटणं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. धावत आत येऊन बघतात तर संगीता एका हाताला कणीक तशीच ठेवून बटणं दाबते आहे, लांडगा आडवा, आणि किसनराव खुर्चीतून उभे.

"सहज पाह्यलं दाबून," संगीता म्हणाली. "कापूस येचासारखं हाय. डावा हात त्याचं त्याचं करते, उजवा त्याचं त्याचं, न् आपन पुढच्या झाडाकडं पाहाचं. बोंडाकडं पाह्यलं का हात थांबते."

लग्नाआधी संगीता बापाच्या शेतात कापूस वेचायला सगळ्यांच्या पुढं असायची. एका तासात तिनं पुढचे चार लांडगे, एक अस्वल आणि एक पूल राखणारा राक्षस वेचून टाकला. जमीर टाळ्या वाजवत म्हणाला, "भाभी, कमाल!"

पुढचे दोन दिवस भाऊंनी यंत्राकडं पाठ फिरवली. जेवायला बसत, ताटाकडं बघून जेवत, उठत. तिसऱ्या दिवशी जमीर दुसरं यंत्र हातात घेऊन आला. "भाऊ, एक सांगू? नव्या गेममधी दोघं जनं खेळू शकतात. दुसऱ्याले बैल होता येते."

किसनरावांनी वहीचं पान उलटलं.

"मारामारी नाई करा लागत," जमीर घाईनं म्हणाला. "एकाच अंगठ्यात काम होते. डाव्या."

भाऊंनी संगीताकडं पाहिलं. तिनं मुद्दामच हातात सोलत असलेल्या लसणाकडं पाहिलं. मग भाऊंनी डावा हात पुढं केला.

पुढचे बारा दिवस ते घर जसं चाललं तसं लग्नानंतर कधी चाललं नव्हतं. ती पुढं लढायची, हे मागून दोनशे हंड्यांचं ओझं तोलून आणायचे. बैल ओढ्यावर पाणी पीत असेल तर राक्षस समोर आला तरी भाऊ जागचे हलत नसत. "पिऊ दे त्याले," ते म्हणायचे. संगीता तेवढा वेळ राक्षसाला एकटी तोंड देई. पोळ्याच्या आदल्या दिवशी दोघं शेवटच्या खिंडीच्या पायथ्याशी पोचले.

त्या संध्याकाळी खांदशेकणी. गावात लोक आपापल्या बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळत होते. भाऊंच्या घरचे बैल बापासोबतच संपले. भाऊंनी वाटीत तूप-हळद कालवली आणि संगीता स्वयंपाकघरात आहे असं पाहून टीव्हीवरच्या बैलाच्या खांद्याला दोन बोटं लावली. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," हळूच म्हणाले. बैल चार पावलं पुढं सरकला. हळद काचेवर तिथंच राहिली, आता ती एका दगडाला लागलेली दिसत होती.

"काय करून राह्यले?" संगीता दारातून.

"काई नाई. धूळ होती."

राहता राहिला खोटेपणाचा बंदोबस्त. योजना अशी ठरली: भाऊ समोर बसून संगीताचं नव्हे, तर जमीरच्या दुकानातलं एक बंद पडलेलं यंत्र हातात धरतील आणि अंगठे हलवतील. खरं यंत्र संगीताकडं, स्वयंपाकघराच्या दारात, पदराखाली. बैल जमीर हाकेल. किसनरावांनी ही योजना नियमबाह्य असल्याचं सांगितलं, आणि आपण त्या वेळी वहीत काही लिहिणार नाही, असंही सांगितलं.

पोळ्याच्या सकाळी दोघं पुण्याहून आले. प्रियंका आल्या आल्या म्हणाली, "शोकेस कुठी गेलं?" आणि उत्तराची वाट न बघता अंकुरला टीव्हीपुढं बसवलं. "बा, दाखव याले."

भाऊ बसले. मेलेलं यंत्र हातात घेतलं. दारात संगीता, एका बाजूला पुरणाचं पातेलं. खिंडीत बर्फाचा राक्षस उभा राहिला, तीन मजली. वीर धावला. डावीकडं उडी, उजवीकडं वार.

"मामाजी, काय स्पीड हाय तुमचा!" अंकुर गुडघ्यावर आला. प्रियंकानं त्याच्या पाठीत गुद्दा मारला. "मी म्हनलं नोतं?"

भाऊंना घाम फुटला होता. पुरणाचा वास येत होता, गावातून वाजंत्री ऐकू येत होती, आणि खोटे अंगठे हलवता हलवता त्यांची नजर जमीरच्या बैलाकडं गेली. बैल पुढं येत येत नेमका त्या हळदीच्या डागाखाली येऊन थांबला. खांदा पिवळा. आणि खांद्यामागं, पाठीच्या दोन्ही अंगांना, हंड्यांनी टम्म भरलेल्या दोन गोण्या.

"अरे!" भाऊ उठले. "आज पोळा न् बैलाच्या पाठीवर ओझं?"

हातातलं यंत्र त्यांनी सतरंजीवर टाकलं आणि जमीरच्या हातातलं ओढून घेतलं. "उतरव, उतरव आधी! खांदे शेकले काल मी त्याचे!" त्यांनी डाव्या अंगठ्यानं एक एक गोणी सोडली. दोनशे हंडे बर्फात गडगडले.

इकडं वीर लढतच होता. डावीकडं उडी, उजवीकडं वार. अंकुरनं सतरंजीवर पडलेल्या यंत्राकडं पाहिलं. भाऊंच्या हातातल्या बैलाकडं पाहिलं. मग मान वळवत वळवत दाराकडं पाहिलं. होणाऱ्या सासूबाईंचा पदर घसरला होता, चेहऱ्याला पीठ लागलं होतं आणि दोन्ही हात कापसाच्या शेतात असावेत तसे चालले होते.

"थांबू का?" संगीतानं विचारलं. "थांबलं का मरते तो."

"नका थांबू!" अंकुर ओरडला.

तेवढ्यात बैलानं मान खाली घातली. पाठीवर काही नसलेला बैल त्या गेममध्ये कोणी पाहिलाच नसावा. त्यानं खुरानं बर्फ उकरला, शिंगं रोखली आणि असा सुटला, की तीन मजली राक्षस, त्याची गदा आणि खिंडीचा अर्धा कठडा घेऊन पलीकडं उतरला. वीर मोकळ्या खिंडीत कंदील धरून एकटा उभा राहिला.

"हे कोणत्याच व्हिडिओत नाई," अंकुर म्हणाला. त्याला बसायचं सुचत नव्हतं.

"व्हिडिओवाल्यायच्या घरी पोळा नसते," भाऊ म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण उभे आहोत आणि सगळे आपल्याकडं बघताहेत. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "जावईबापू, मी खोटा माणूस नाई. हात न लावता म्हनलो होतो ना, ते खरंच होतं. तवा हात जमीरचे होते, आता हिचे हायेत. मी बैल हाय." मग प्रियंकाकडं न बघता म्हणाले, "तुले खाली पाहा लावलं, पोरी."

प्रियंकानं सतरंजीवरचं मेलेलं यंत्र उचलून बाजूला ठेवलं. अंकुर बोलला, तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला होता. "मामाजी, माझी खिंड पार होत नाई, त्याचं कारन मले आता समजलं. मी तं पयल्याच गावात... म्हनजे सगळेच करतात... बैल इकला."

संगीताच्या हातातलं पुरणयंत्र की गेमचं यंत्र, काहीतरी खाली पडलं.

"इकला?" भाऊ.

"घोड्यासाठी," अंकुर.

"लदेणीवाल्या आडेच्या घरचं पोरगं, न् बैल इकते?" संगीता पुढं आली. "प्रियंका, तुले सांगतलं होतं का यानं?"

"नाई याडी," प्रियंका आईला म्हणाली. पण तिचं हसू ओठांवर थांबत नव्हतं.

"प्रकरण गंभीर आहे," किसनरावांनी वही उघडली.

अंकुर टीव्हीपुढं सरकून बसला. यंत्र हातात घेतलं आणि खेळ पहिल्यापासून सुरू केला. तेच गाव, तीच विहीर. व्यापारी आला, हात चोळत उभा राहिला. बैल विकणार का? हो, नाही. अख्खं घर अंकुरच्या अंगठ्याकडं बघत होतं. जमीरनं दाढी मुठीत धरली होती. अंगठा 'नाही'वर गेला आणि जोरात दाबला गेला. व्यापारी निघून गेला.

भाऊंनी सोडलेला श्वास स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेला.

अंकुरला हुरूप आला. विहिरीशी ठेवलेला पहिला हंडा त्यानं उचलला, गोणी उघडली आणि वळून विचारलं, "मामाजी, डाव्या बाजूनं भरू का उजव्या?"

"आज?" भाऊ, संगीता, जमीर आणि किसनराव एकदमच ओरडले. "आज पोळा हाय!"

अंकुरनं हंडा होता तिथं ठेवला. बैल विहिरीशी मोकळा उभा राहिला, शेपटी हलवत. संगीता ताटं मांडायला वळली आणि सवयीनं पहिलं ताट बैलाचं म्हणून वाढलं, नैवेद्याचं, पुरणपोळी आणि तूप. ते कुठं ठेवावं असा क्षणभर प्रश्न पडला. प्रियंकानं ते तिच्या हातातून घेतलं आणि टीव्हीपुढं, गव्हाच्या कोठीवर, आपल्या हातानं ठेवलं.

मग ती बापाशेजारी सतरंजीवर बसली, साखरपुड्याच्या दिवशी बसली होती तशी, आणि अंकुरला म्हणाली, "पाह्यलं? मी म्हनत नोती?"